तयार मॉड्यूल की हाताची वायरिंग? घरी बांधलेल्या विमानाच्या पॅनेलमागचा निर्णय

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याला वाघोडिया रोडवरच्या एका शेडमध्ये दोन आसनांचं, धातूचं किट-विमान उभं राहतंय. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस. पॅनेलवर एक मोठी ईएफआयएस स्क्रीन (उड्डाणाची आणि इंजिनाची माहिती दाखवणारी), एक रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख सांगणारं उपकरण), इंटरकॉम आणि दोन सर्व्होंचा, म्हणजे सुकाणू हलवणाऱ्या मोटरींचा, ऑटोपायलट. विमान बांधणाऱ्या भाच्याला सगळं मॉड्यूलर हवंय: मध्ये एक हब, त्यातून निघणाऱ्या कारखान्यात बनलेल्या केबल्स, आणि फ्यूजऐवजी सॉलिड-स्टेट ब्रेकरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वीज तोडणारा, एक डबा. मामांचं आयुष्य मकरपुरा जीआयडीसीत स्विचगिअरची पॅनेलं वायर करण्यात गेलंय. त्यांचं म्हणणं, "एवढ्या पैशात मी पाच विमानं वायर करून देईन." ऐकायचं कोणाचं? आणि जाता जाता विचारलेला तिसरा प्रश्न: एका अर्धवट राहिलेल्या किटचा तयार हार्नेस (बांधून ठेवलेला वायरींचा गुच्छ) निम्म्या किमतीत मिळतोय, घ्यावा का?

निकाल आधी सांगतो. स्क्रीन, सेन्सर, रेडिओ, ट्रान्सपाँडर यांच्यात जी माहिती धावते ती तयार केबलांवर सोपवा. बॅटरीपासून प्रत्येक उपकरणापर्यंत जाणारी वीज आणि तिची परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, मामांच्या हातून होऊ द्या. सॉलिड-स्टेट ब्रेकरचा डबा या विमानात नको. मामा-भाच्यांत तह घडवून आणायला मी ही वाटणी केलेली नाही. विमान काही वर्षं उडालं की एखाद्या सकाळी काहीतरी बंद पडतंच. तेव्हा हँगरमध्ये असलेल्या माणसाला साध्या मल्टिमीटरने बिघाड सापडेल का, या एका कसोटीवर मी वायरिंग जोखतो. पॅनेलमागे डोकं घालूनच माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतरही तेच चाललंय. वायरिंग पहिल्या दिवशी किती सुबक दिसते याला मी आता फारसे गुण देत नाही.

मॉड्यूलर म्हणून बाजारात मिळणारा माल तीन जातींचा असतो आणि तिन्हींचा निर्णय वेगवेगळा घ्यायला हवा. भाच्याने तिन्ही एकाच गाठोड्यात बांधलेत, म्हणून मामांना ते गाठोडंच नकोसं झालंय.

पहिली जात म्हणजे ईएफआयएसचं स्वतःचं नेटवर्क. डायनॉन कंपनीच्या स्कायव्ह्यूमध्ये अ‍ॅडाहर्स (विमानाचा कल, दिशा, वेग मोजणारा सेन्सर), इंजिन मॉनिटर, सर्व्हो हे सगळे नऊ पिनांच्या डी-सब कनेक्टरवर एकमेकांना जोडलेले असतात. केबल वेगवेगळ्या लांबीत तयार मिळते, मध्ये स्प्लिटर टाकता येतो. गार्मिनच्या जी३एक्समध्ये हेच काम कॅन बस करते, म्हणजे आपल्या मोटारींत वर्षानुवर्षं चालत आलेली दोन वायरींची जोडी. इथे हाताची वायरिंग की तयार, हा वादच फारसा उरत नाही. कनेक्टर, पिना, वायरींचा क्रम सगळं उत्पादकाने ठरवून दिलेलं आहे. तुम्ही हाताने केलं तरी तेच करणार. तयार केबल घ्या आणि तो वेळ इतरत्र घालवा. फक्त लांबी मागवताना पॅनेल बाहेर ओढता येईल एवढा ढिलेपणा धरा.

पण मामांना वाटतंय तसं हे बंद पेटीतलं जादूचं काम नाही. कॅन बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारा रेझिस्टर, असतो. सगळी वीज बंद करा, हाय आणि लो या दोन वायरींमध्ये मीटर लावा. ६० ओहम आले तर बस धडधाकट. १२० आले तर एक टोक सुटलंय किंवा एक टर्मिनेटर लावायचा राहिलाय. ४० च्या आसपास आले तर कुणीतरी मध्येच तिसरा टर्मिनेटर बसवलाय, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं, कारण नंतर एखादं उपकरण वाढवताना जुन्या टोकाचा टर्मिनेटर काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. अशी बस टेबलावर व्यवस्थित चालते आणि हवेत अधूनमधून एखादं उपकरण 'दिसत नाही' म्हणून लाल फुली दाखवते. बस एका रेषेत जायला हवी आणि मधून फुटणारे फाटे आखूड हवेत, एवढं पाळलं तर मामांच्या मीटरला हे सगळं समजतं.

दुसरी जात हबची. अ‍ॅप्रोच कंपनीचा फास्ट स्टॅक हा याचा जुना आणि माहितीतला नमुना. मध्ये एक बोर्ड, त्यावर रांगेने कनेक्टर, आणि प्रत्येक उपकरणासाठी एक तयार केबल. रेडिओचा ऑडिओ इंटरकॉमला, जीपीएसची माहिती ट्रान्सपाँडरला, पीटीटी म्हणजे बोलताना दाबायचं बटण रेडिओला, ही सगळी उलटसुलट जोडणी बोर्डाच्या पोटात होऊन जाते. मी तुमच्या जागी असतो तर इथे पैसे खर्च केले असते. कारण घरच्या वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त रडवतो तो ऑडिओ.

ऑडिओबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. हेडसेटमध्ये इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू येते, लोक रेडिओला शिव्या देतात, फिल्टर विकत आणतात. बहुतेक वेळा दोष अर्थिंगच्या वळशात असतो. माइक आणि हेडफोनचे जॅक धातूच्या पॅनेलवर थेट बसवले की त्यांचं बाहेरचं कडं विमानाच्या अंगाला लागतं, आणि इंटरकॉमकडून आलेली स्वतःची अर्थ वायर तर असतेच. झाले दोन रस्ते. अल्टरनेटरचा प्रवाह परतताना त्यातला अंश या दुसऱ्या रस्त्याने जातो आणि तोच कानात शिट्टी होऊन येतो. उपाय म्हणजे जॅकखाली इन्सुलेशनचे वॉशर. काही पैशांची वस्तू. शील्डची, म्हणजे गोंगाट अडवायला वायरीभोवती असलेली, जाळीही साधारणपणे एकाच टोकाला अर्थ करायची, उत्पादकाच्या आकृतीत ज्या टोकाला दाखवली असेल त्या. मामांना हे पटणं अवघड जातं, कारण त्यांच्या कामात दिसेल ते धातू दोन्हीकडून अर्थ करणं हाच सुरक्षेचा नियम, आणि ४१५ व्होल्टच्या पॅनेलमध्ये तो योग्यच आहे. चौदा व्होल्टच्या विमानात विजेच्या धक्क्याची भीती नाही. भीती आहे ती गोंगाटाची.

हब घेताना एकच अट घाला: प्रत्येक केबलचा पिनआउट, म्हणजे कुठल्या पिनेतून काय जातं याचा तक्ता, पैसे देण्याआधी हातात हवा. उद्या रेडिओ बदललात तर नवी केबल परदेशातून यायला कित्येक आठवडे जातील, कस्टमचा फेरा वेगळा. तक्ता असेल तर तीच केबल मामा एका दुपारी बनवतील. तक्ता द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून हब घेऊ नये. पुढे कधीतरी त्याची कंपनी विकली जाते किंवा तो मालच बंद होतो, आणि मग आपल्या पॅनेलमागे एक मुकी पेटी उरते.

तिसरी जात इलेक्ट्रॉनिक ब्रेकरची. व्हर्टिकल पॉवरचा व्हीपी-एक्स हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला डबा. त्याचे गुण खरे आहेत. प्रत्येक सर्किट किती अँपिअर घेतंय ते स्क्रीनवर दिसतं. लँडिंग लाइट जळला तर प्रवाह शून्य झाल्याचं कळतं. वेग जास्त असताना फ्लॅप खाली जाऊ देत नाही. शॉर्ट झालं की तत्काळ तोडतो. मोठ्या, चार आसनांच्या, दोन अल्टरनेटरच्या विमानात, जिथे सर्किटांची संख्याच मोठी, तिथे मी त्याला नाही म्हणणार नाही.

तुमच्या विमानात नाही म्हणतो, आणि त्याचं कारण तुमच्याच इंजिनात आहे. रोटॅक्स ९१२ च्या पोटातला अल्टरनेटर सुमारे २५० वॅटचा, म्हणजे पूर्ण फेऱ्यांना जेमतेम १८ अँपिअर. मोठी स्क्रीन तीन-साडेतीन घेईल, दोन सर्व्हो जोर लावताना दोनेक, रेडिओ बोलताना दोन-तीन, ट्रान्सपाँडर एक-दीड, जादाचा विद्युत पंप एक-दोन, एलईडी दिवे मिळून तीन-चार. बॅटरीला भरपाई द्यायला काही शिल्लक ठेवावं लागतं ते वेगळं. बेरीज करा. ही दहा-बारा सर्किटांची, आटोपशीर यंत्रणा आहे. तिला एक चांगला ब्लेड-फ्यूज ब्लॉक आणि काही स्विच पुरतात. ब्लेड फ्यूज बडोद्यातल्या कुठल्याही मोटार पार्ट्सच्या दुकानात मिळतो. सॉलिड-स्टेट डब्यातलं एक चॅनेल गेलं तर अख्खा डबा परदेशी पाठवायचा, आणि तो परत येईपर्यंत विमान शेडमध्ये.

इथे इंजिनाच्या जातीचा मोठा फरक पडतो, म्हणून जे दुसरं इंजिन लावत असतील त्यांनी हा भाग नीट वाचावा. ९१२ यूएलएसचं इग्निशन स्वतःच्या कॉइलवर चालतं, बॅटरीशी त्याचा संबंध नाही. इंधनाचा मुख्य पंप यांत्रिक आहे. अख्खी वीज गेली तरी पंखा फिरत राहतो आणि तुम्ही घरी येता. ९१२ आयएस किंवा ९१५ आयएस ही इंधन-इंजेक्शनची इंजिनं तशी नाहीत. त्यांना ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि विद्युत पंप यांच्यासाठी सतत वीज लागते, म्हणूनच त्यांच्यात दोन जनरेटर असतात. अशा इंजिनाची वीज कुठल्याही चतुर डब्यातून नेऊ नये. ती इंजिन बनवणाऱ्याच्या आकृतीप्रमाणे, स्वतंत्र वायरींनी, स्वतंत्र स्विचांवर. त्यात स्वतःची अक्कल चालवायची नाही, मग मामा कितीही अनुभवी असोत.

आता मामांकडे वळू. त्यांच्या हाताला ड्रेसिंगचं वळण आहे, प्रत्येक वायरीला क्रमांक देण्याची सवय आहे, आकृती बघून काम करण्याची शिस्त आहे. घरी विमान बांधणाऱ्या दहांतल्या नऊ जणांकडे यातलं काहीच नसतं. पण स्विचगिअरचं पॅनेल भिंतीला उभं असतं. विमानाचं पॅनेल प्रत्येक मिनिटाला थरथरतं. त्यामुळे मामांच्या काही पक्क्या सवयी मोडाव्या लागतील.

पहिली पीव्हीसीची. घरातली आणि पॅनेलमधली वायर पीव्हीसीची असते. ती जळली की दाट, विषारी धूर होतो आणि कॉकपिटला पळायला दार नसतं. विमानात टेफझेल म्हणजे ईटीएफई आवरणाची, कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारांची वायर वापरतात. स्पेसिफिकेशन एम२२७५९/१६, १५० अंश सेल्सिअस आणि ६०० व्होल्टपर्यंत चालते. शील्डची हवी असेल तर एम२७५००. अँटेनाला आरजी-५८ न लावता आरजी-४००. ही वायर रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात शोधू नका. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये शहरात टाटा-एअरबसचा सी-२९५ च्या जुळणीचा कारखाना सुरू झाला, म्हणून कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडे टेफझेल मिळायला लागली असं झालेलं नाही. किटबरोबरच, गरजेपेक्षा जास्त मागवा. नंतर दोन मीटरसाठी पार्सल मागवणं महागात पडतं.

दुसरी सवय डागकामाची. टोकाला शिसं लावलं की जोड पक्का झाला असं जुने लोक मानतात. शिसं वायरीच्या तारांमधून आत ओढलं जातं आणि जिथे ते संपतं तिथे कडक भाग आणि लवचीक भाग यांची सीमा तयार होते. थरथरीने वायर नेमकी तिथे तुटते, आवरणाच्या आत, बाहेरून न दिसता. म्हणून क्रिंप, म्हणजे पिन किंवा टोक वायरीवर दाबून बसवणं. डी-सबच्या पिना खरादलेल्या, एम३९०२९ जातीच्या घ्या आणि त्यांना चारही बाजूंनी सारखा दाब देणारं टूल वापरा. त्याचं मूळ स्पेसिफिकेशन एम२२५२०/२-०१. पत्र्याच्या वळवलेल्या स्वस्त पिना नकोत. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) आत तांब्याची बाही असलेलं, वायरीचं आवरणही पकडणारं घ्या, आणि त्याला रॅचेटचं टूल. पॅनेलवाल्यांची बूटलेस फेरूल (तारांच्या टोकावर चढवायची धातूची नळी) इथे काही कामाची नाही, कारण स्क्रू दाबून वायर पकडणारे टर्मिनलच आपण वापरत नाही.

क्रिंप जमलं की नाही हे नजरेने ठरवू नका. प्रत्येक टूल आणि थिंबलच्या जोडीचे काही नमुने करा, ते बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्याला अडकवून ओढा. २२ गेजच्या वायरीचं (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड) थिंबल १५ पौंड, म्हणजे सात किलोच्या आसपास ओढ सहन करायला हवं. १८ गेजचं ३८ पौंड. हे लष्करी स्पेसिफिकेशनचे आकडे आहेत. नमुना निसटला तर टूल बदला. जोर वाढवून उपयोग नाही.

तिसरी सवय, नायलॉनचे टाय करकचून आवळायची. आवळलेल्या टायची धार वर्षभरात आवरणात रुतते. गुंफायला मेण लावलेली लेसिंगची दोरी सगळ्यात चांगली, आणि मामांच्या वयाच्या काही लोकांना ती गाठ येतेही. जिथे गुच्छ पत्र्याला टेकतो तिथे रबराची गादी असलेला क्लँप, छिद्रातून जातो तिथे ग्रॉमेट. वळणाची त्रिज्या गुच्छाच्या जाडीच्या दसपट तरी हवी. अमेरिकेच्या एफएएचं (तिथल्या नागरी विमान वाहतूक खात्याचं) एसी ४३.१३-१बी हे परिपत्रक फुकट मिळतं. त्याचं अकरावं प्रकरण विजेवर आहे. मामांना ते छापून द्या. त्यातली वायर आणि फ्यूजची सारणी त्यांना पहिल्या वाचनात कळेल: २२ गेजला ५ अँपिअर, १८ ला १०. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला नाही, हे त्यांना सांगायची गरज पडणार नाही.

एक गोष्ट मात्र त्या सारणीत सहज नजरेतून सुटते. समजा पंखाच्या टोकाशी तापवलेली पिटो नळी (हवेचा वेग मोजणारी) आहे, ८ अँपिअर घेते, आणि वायर ५ मीटर. (बडोद्याच्या हवेत ती कितीदा लागेल हा प्रश्न आहेच, पण उदाहरण म्हणून घेऊ.) फ्यूजच्या हिशोबाने १८ गेज चालते. पण १८ गेजच्या मीटरमागे सुमारे ०.०२ ओहम; पाच मीटरला ०.१, म्हणजे ८ अँपिअरला ०.८ व्होल्टची घट. १४ व्होल्टच्या यंत्रणेत सतत चालणाऱ्या लोडला अर्धा व्होल्ट घटीचीच मुभा आहे. १६ गेज घेतली तरी ०.६ च्या वर जातं. १४ गेजला घट ०.४ वर येते. म्हणून लांबच्या आणि जड लोडला फ्यूजची सारणी पाहून थांबू नका, घटीचा हिशोब करा. पॅनेलमागच्या हातभर वायरींना ही कटकट नाही.

मामांच्या सवयींपैकी एक मात्र जशीच्या तशी घ्या: क्रमांक छापण्याची. मकरपुऱ्यातल्या प्रत्येक पॅनेलवाल्याकडे नळीवर अक्षरं छापायचं यंत्र असतं. पीव्हीसीच्या नळीऐवजी पॉलिओलेफिनच्या हीट-श्रिंकवर छापून घ्या आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चढवा. मी पाहिलेलं एक दोन आसनी विमान आठवतंय. वायरिंग हाताने केलेली आणि देखणी. गुच्छ असे की फोटो काढावा. सगळ्या वायरी पांढऱ्या, एकावरही क्रमांक नाही, आकृती बांधणाऱ्याच्या डोक्यात, आणि तो विमान विकून परदेशी गेलेला. फ्लॅपची मोटर अधूनमधून थांबायची. पंखाच्या मुळाशी एक थिंबल सैल होतं, एवढाच बिघाड. पण तिथवर पोचायला अख्खा गुच्छ उसवावा लागला. उलट बाजूचंही सांगतो. हब लावलेल्या एका विमानात चढताना स्क्रीनवरून इंजिनाचे आकडे गायब व्हायचे. मालकाने मॉड्यूल बदलून मागवलं, तरीही तेच. डी-सबचे दोन बारीक स्क्रू आवळलेच नव्हते. कनेक्टर नुसता घर्षणाने टिकून होता. तयार केबल म्हणजे तपासायला काही उरलं नाही, असं वाटून हे होतं.

आता मास्टर स्विच, म्हणजे विमानाची सगळी वीज तोडणारा मुख्य स्विच. १९९८ च्या सप्टेंबरमध्ये स्विसएअरचं १११ क्रमांकाचं एमडी-११ विमान कॅनडात हॅलिफॅक्सजवळ समुद्रात कोसळलं, २२९ माणसं गेली. कॅनडाच्या तपासात छताच्या वरच्या पोकळीत वायरीतून उडालेल्या ठिणगीने पेटलेलं आवरण समोर आलं. प्रवाशांच्या करमणुकीची नंतर बसवलेली यंत्रणा अशी जोडली होती की केबिनची वीज तोडणाऱ्या स्विचने ती बंद होत नव्हती. आपलं विमान त्याच्या तुलनेत खेळणं, पण धडा तोच: धुराचा वास आल्यावर वैमानिक एक स्विच खाली करतो तेव्हा नेमकं काय बंद होतं आणि काय चालू राहतं, हे कागदावर लिहिलेलं असायला हवं. स्क्रीनची बॅकअप बॅटरी चालू राहील, तीही लिहा. घड्याळ, यूएसबीचा सॉकेट, टॅब्लेटचा चार्जर, मागाहून बसवलेला कॅमेरा यांच्यासारख्या फुटकळ वस्तू थेट बॅटरीला जोडायचा मोह फार होतो. त्यांनाही मास्टर स्विचमागच्या विजेच्या बसमधूनच (उपकरणांना वीज वाटणारी मुख्य पट्टी) न्या.

अर्थिंगसाठी फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधली धातूची भिंत) दोन्ही बाजूंनी पात्यांची रांग असलेला एक ब्लॉक बसवा आणि पॅनेलमधल्या प्रत्येक उपकरणाची अर्थ तिथवर आणा. धातूचं विमान आहे, त्यामुळे पंखातले दिवे अंगावर अर्थ केले तरी चालतं. रेडिओ, इंटरकॉम, ट्रान्सपाँडर आणि इंजिनाचे सेन्सर मात्र अंगावर नकोत. इंजिन ते फायरवॉल जाड पट्टा हवा; तो विसरला तर स्टार्टरचा प्रवाह परतायला चोक आणि थ्रॉटलच्या केबल शोधतो, आणि त्या तापून लाल झालेल्या मी पाहिल्या आहेत.

बडोद्याची हवा उत्पादकाच्या पुस्तकात नसते. मे महिन्यात ४२-४३ अंशांत पत्र्याच्या हँगरमध्ये उभ्या विमानाच्या पॅनेलमागे काय होत असेल ते तुम्हीच बघा. स्क्रीनमागे पंखा बसवाच. रोटॅक्सचा रेग्युलेटर-रेक्टिफायर (अल्टरनेटरची वीज बॅटरीजोगी करणारा डबा) उष्णतेने जातो हे जुनं दुखणं आहे. तो इंजिनाच्या गरम बाजूला न ठेवता गार हवा मिळेल तिथे ठेवा, कनेक्टर काढता येईल असा, आणि एक जादा आणून ठेवा. पावसाळ्यात डी-सबच्या पिना हिरव्या पडतात. आणि उंदीर. टेफझेल त्यांना आवडत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शेडमध्ये महिनोन्‌महिने उघड्या पडलेल्या पॅनेलला जाळी लावा.

कागदांचं विसरू नका. मुंबईत चारकोपच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्या सहा आसनी विमानाला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी २०१७ मध्ये मिळाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये. आपल्याकडे घरी विमान बांधणाऱ्याचा अर्धा प्रवास टेबलावर होतो. हब घ्या की हाताने करा, पूर्ण आकृती, वायरींची यादी, प्रत्येक सर्किटचा भार आणि अल्टरनेटरशी त्याची तुलना हे एका फाइलीत असू द्या. हबचा उत्पादक त्याच्या भागाची आकृती देतो. मामांच्या भागाची भाच्याने संगणकावर काढावी, आणि प्रत्येक बदल त्याच दिवशी त्यात चढवावा.

कामाचा क्रम. आधी प्लायवूडवर पॅनेलची प्रतिकृती करा, उपकरणं तिच्यावर मांडा, सगळं टेबलावर पेटवा. स्क्रीनचं सॉफ्टवेअर, ट्रान्सपाँडरची सीरियल जोडणी (एकाचा टीएक्स, म्हणजे पाठवणारी वायर, दुसऱ्याच्या आरएक्सला, म्हणजे घेणारीला, आणि दोन्हीकडे बॉड रेट, म्हणजे माहितीचा वेग, सारखा), इंटरकॉमचा आवाज, सर्व्होंची दिशा हे सगळं शेडमध्ये पंख्याखाली बसून निस्तरतं. मग विमानात. पंखाच्या मुळाशी गोल, कुलूपबंद होणारा कनेक्टर ठेवा, म्हणजे पंख काढताना कात्री घ्यावी लागणार नाही. इंजिन सुरू करताना विजेच्या बसचं व्होल्टेज खाली बसतं आणि स्क्रीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बॅकअप बॅटरी असेल तर होत नाही. ती घ्या. तेवढा पैसा ब्रेकरच्या डब्यातून वाचतोच.

राहिला तो निम्म्या किमतीतला हार्नेस. मूळ मालकाची आकृती बरोबर असेल, विमान तेच असेल आणि उपकरणंही त्याच मॉडेलची असतील, तरच बघायला जा. जाताना मीटर आणि तो हुकाचा काटा घेऊन जा. वायरीवर एम२२७५९ छापलेलं आहे का ते वाचा. कुठल्याही कनेक्टरमधून चार-पाच पिना काढायच्या साधनाने बाहेर काढा आणि क्रिंपच्या भोकातून तांबं दिसतंय का बघा. दिसत नसेल, किंवा एखाद्या पिनेवर शिसं चढवलेलं असेल, तर मामांना पुढचं काही विचारूच नका. सगळं ठीक असलं तरी त्यातला वीज आणि अर्थिंगचा भाग कापून टाका. तुमच्या स्विचांची जागा वेगळी, लांबी वेगळी, आणि मधे जोड देत बसण्यात अर्थ नाही. उरलेल्या ऑडिओ आणि डेटाच्या भागाची किंमत नव्या हबशी ताडून बघा. फरक एका चांगल्या क्रिंपिंग टूलपेक्षा कमी असेल तर सोडून द्या.

मामांनी पहिलं काय हातात घ्यावं, तर फायरवॉलवरचा अर्थ ब्लॉक आणि बॅटरी-स्टार्टरच्या जाड केबल्स. त्याला कुठल्याही पार्सलची वाट बघायला नको, आणि त्या लांबीची घट मोजली की तुमच्या मामांना चौदा व्होल्टचं जग कसं चालतं याचा अंदाज येईल.